लिस्टमधला आयटम ‘पूर्ण दिसतोय’ असं कोड म्हणतो आणि स्क्रीनवर तो अर्धाच असतो, ह्याची कारणं आणि उपाय

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. लक्षण साधारण असं असतं, एक लांब लिस्ट आहे, त्यातला आयटम पूर्ण दिसला की काहीतरी करायचंय, म्हणजे व्हिडिओ चालू करायचा, ‘नवीन’चा लाल ठिपका काढायचा, नाहीतर सर्व्हरला कळवायचं की ह्या माणसाने हे पाहिलं. कोड लिहिला, इम्युलेटरवर बरोबर चालला, आणि लोकांच्या फोनवर गेल्यावर अर्धा आयटमसुद्धा ‘पूर्ण दिसला’ म्हणून यायला लागला. किंवा उलट, डोळ्यासमोर अख्खा आयटम आहे तरी कोड म्हणतो एकही पूर्ण नाही, उत्तर उणे एक.

उदाहरण म्हणून गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका मंडळाचं अॅप धरूया. जत्रा, नाटकं, कीर्तनं, सूचना असं सगळं एकाच लिस्टमध्ये येतं, शिरगावच्या लईराईच्या जत्रेचं कार्ड, माशेलच्या चिखलकाल्याचं कार्ड, आणि मध्येच एक छोटी सूचना की आजचं नाटक रात्री 9 ऐवजी 10 ला सुरू होईल. सूचना पूर्ण दिसली की अॅप ती वाचली असं धरतं आणि परत वर आणत नाही. आता ही सूचना खालच्या बारमागे अर्धी लपलेली असतानाच वाचली म्हणून नोंदली गेली तर एखादे काका देवळाच्या मांडवात तासभर आधी येऊन बसणार, आणि म्हणणार की अरे बाबा आम्हाला कोणी सांगितलंच नाही. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं, त्यांना खरंच सांगितलेलं नसतं. म्हणून हा बग चार पिक्सेलचा असला तरी त्याला बारीक समजू नका.

आधी एक गोष्ट ठरवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पूर्ण दिसतो म्हणजे कुठल्या चौकटीत पूर्ण? एक चौकट लिस्टची स्वतःची. दुसरी चौकट विंडोची, म्हणजे आयटम ज्यांच्या आत बसलाय त्या सगळ्या पेरेंट व्ह्यूंनी कापल्यावर त्याचं जे उरतं ते. आणि तिसरी चौकट म्हणजे बॉटम बार, गोल तरंगतं बटन, कीबोर्ड, सिस्टीमचा नेव्हिगेशन बार हे सगळं वरून ठेवल्यावर माणसाच्या डोळ्याला खरंच जे मिळतं ते. लिस्टची रेडीमेड फंक्शन्स फक्त पहिल्या चौकटीबद्दल बोलतात, आपल्याला मात्र उत्तर तिसरीचं हवं असतं. देवळासमोरच्या नाटकात नट रंगमंचावर पूर्ण उभा असतो, पण मांडवाचा खांब मध्ये आला की मागे बसलेल्याला तो अर्धाच दिसतो, आणि ते रंगमंचाला विचारून कळत नाही. मला भेटलेल्या बहुतेक तक्रारी ह्याच एका गोंधळातून निघाल्या आहेत, म्हणून कोड बदलण्याआधी चौकट ठरवा.

अँड्रॉइडपासून सुरू करतो कारण आपल्याकडे बहुतेक लोकांच्या हातात तेच आहे.

पहिलं बघायचं ते हे की ‘पाहिलं’ची नोंद ऑन-बाइंड-व्ह्यूहोल्डरमध्ये, म्हणजे आयटममध्ये डेटा भरणाऱ्या फंक्शनमध्ये, केलेली नाही ना. हे अजूनही खूप कोडमध्ये सापडतं. बाइंड होणं म्हणजे दिसणं नाही, रिसायकलरव्ह्यू (अँड्रॉइडवर लांब लिस्ट दाखवणारा व्ह्यू) पुढचा आयटम आधीच तयार करून ठेवतो जेणेकरून स्क्रोल अडखळू नये, त्यामुळे अजून स्क्रीनच्या खाली असलेला आयटमसुद्धा बाइंड झालेला असतो. ऑन-व्ह्यू-अटॅच्ड-टू-विंडो (आयटम विंडोला जोडला गेला की येणारा कॉल) त्यापेक्षा बरं, पण तेही एक पिक्सेल आत आला तरी येतं, पूर्ण दिसण्याशी त्याचा संबंध नाही.

मग लोक जातात लीनिअर-लेआउट-मॅनेजरच्या (लिस्टचे आयटम ओळीने मांडणारा भाग) फाइंड-फर्स्ट-कम्प्लीटली-व्हिजिबल-आयटम-पोझिशन आणि फाइंड-लास्ट-वाल्या जोडीकडे. ही दोन्ही चांगली आहेत, पण ती नेमकं काय मोजतात ते माहीत हवं. ती आयटमच्या काठात त्याचं मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) आणि डेकोरेशन (लिस्टने आयटमभोवती काढलेल्या रेघा, सोडलेली जागा) सुद्धा धरतात. म्हणजे कार्डला खाली 8 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) मार्जिन असेल तर कार्ड अख्खं दिसत असलं तरी ते 8 डीपी आत येईपर्यंत फंक्शन त्याला पूर्ण म्हणणार नाही. ‘डोळ्यासमोर आहे तरी येत नाही’ ह्या तक्रारीचं हे सगळ्यात साधं कारण, आणि मोठी कार्डं असतील, स्क्रीनवर जेमतेम एकच मावत असेल तर ह्या मार्जिनमुळेच उणे एक येतं.

दुसरं, ती लिस्टचं पॅडिंग (काठाच्या आतली मोकळी जागा) वजा करून मोजतात. क्लिप-टू-पॅडिंग फॉल्स ठेवलं की आयटम पॅडिंगच्या जागेतही रंगवला जातो, डोळ्याला दिसतो, पण फंक्शनच्या हिशोबाने ती जागा चौकटीच्या बाहेर. काही लोकांना हा त्रास वाटतो. मला उलट हेच सगळ्यात कामाचं हत्यार वाटतं, ते कसं ते खाली सांगतो.

तिसरं, ती फक्त स्क्रोलच्या दिशेने तपासतात. उभी लिस्ट असेल तर वरचा-खालचा काठ, आडवी असेल तर डावा-उजवा. हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय पण तिथपर्यंत कोणी वाचत नाही. उभ्या लिस्टच्या आत आडवी पट्टी असेल, समजा चवथीच्या दिवसांतली आरास दाखवणारे फोटो, तर आतली लिस्ट सांगेल की तिसरा फोटो पूर्ण दिसतोय, आणि ती अख्खी पट्टी मात्र स्क्रीनच्या खालच्या काठाला अर्धी कापलेली असेल. तिथे आधी बाहेरच्या लिस्टला विचारा की ही पट्टी पूर्ण आहे का, हो म्हणाली तरच आतल्या लिस्टला विचारा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रकार. स्क्रीन उघडल्या उघडल्या लिस्टमधले सगळेच्या सगळे आयटम पूर्ण दिसले म्हणून येतात, पन्नास असतील तर पन्नास. असं झालं की लेआउट फाइल उघडा, रिसायकलरव्ह्यू कुठल्यातरी नेस्टेड-स्क्रोल-व्ह्यूच्या (अख्खं पान सरकवणारा बाहेरचा व्ह्यू) आत रॅप-कंटेंट (आत जेवढं आहे तेवढी उंची) करून बसलेला असणारच. तिथे लिस्टला वाटतं की आपण आपल्या सगळ्या आयटमएवढ्या उंच आहोत, स्क्रोल करतोय तो बाहेरचा व्ह्यू, त्यामुळे लिस्टच्या चौकटीत खरोखरच सगळं पूर्ण आहे, फंक्शन खोटं बोलत नाही. रिसायकलिंगही, म्हणजे बाहेर गेलेल्या आयटमचे व्ह्यू परत वापरणं, बंद पडलेलं असतं, म्हणजे जुन्या फोनवर अॅप जड होतं ते वेगळंच. ह्यावर ठिगळ लावत बसू नका. बाहेरचा स्क्रोल काढा, वरचा बॅनर, मथळा वगैरे जे काय होतं ते कॉनकॅट-अडॅप्टरने (अनेक याद्या एका लिस्टमध्ये जोडणारा) त्याच लिस्टचे पहिले आयटम करा. एक दिवसाचं काम आहे पण नंतर डोकं शांत राहतं. पण हे केल्यावर एक लक्षात ठेवा, लेआउट मॅनेजर जो नंबर देतो तो हेडर धरून असतो, तुमच्या डेटा लिस्टमधला नंबर वेगळा. त्या नंबरने थेट डेटा उचलला तर एका सूचनेच्या जागी भलतीच सूचना वाचली म्हणून नोंद होईल. म्हणून नोंद कायम आयटमच्या आयडीवर ठेवा, पोझिशनवर कधीच नको.

दुसरा असाच फसवा प्रकार घडी होणाऱ्या टूलबारचा. कोऑर्डिनेटर-लेआउटमध्ये अॅपबार आहे, स्क्रोल केला की तो वर सरकून जातो. टूलबार गेल्यावरही जागा भरली पाहिजे म्हणून लिस्टची उंची आधीच तेवढी जास्त धरलेली असते, आणि टूलबार उघडा असताना लिस्टचा खालचा तुकडा स्क्रीनच्या बाहेर लोंबत असतो. त्या तुकड्यातला आयटम लिस्टच्या चौकटीत पूर्ण आहे आणि स्क्रीनवर अजिबात नाही. ओळखायचं कसं, तर टूलबार उघडा असताना शेवटचा पूर्ण आयटम चुकीचा येतो आणि घडी झाल्यावर तोच कोड बरोबर उत्तर देतो. असा फरक दिसला की पहिली चौकट सोडा, दुसरीवर जा.

दुसऱ्या चौकटीसाठी गेट-ग्लोबल-व्हिजिबल-रेक्ट आहे. हे आयटमच्या वरचे सगळे पेरेंट लक्षात घेऊन उरलेला दिसणारा चौकोन देतं. त्या चौकोनाची उंची आणि रुंदी आयटमच्या स्वतःच्या उंची-रुंदीइतकी असेल तर तो पूर्ण दिसतोय. पण इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, ते फंक्शन खरं-खोटं असं उत्तर देतं आणि ‘खरं’चा अर्थ ‘थोडा तरी दिसतोय’ एवढाच आहे, लोक ते ‘खरं’ म्हणजेच पूर्ण असं धरून बसतात. दोन, उत्तर ‘खोटं’ आलं तर चौकोनात जे आकडे आहेत त्यांच्यावर विश्वास ठेवू नका, तोच रेक्ट (म्हणजे चौकोन) पुढच्या आयटमला परत वापरत असाल तर मागचे आकडे तसेच राहिलेले असू शकतात. आणि तीन, ते फक्त पेरेंटने कापलेलं बघतं, शेजारच्या व्ह्यूने वरून झाकलेलं बघत नाही. तरंगतं बटन, बॉटम बार, डायलॉग, ह्यातलं काहीच त्याला कळत नाही. आयटम पारदर्शक केला असेल, अॅनिमेशनमध्ये अल्फा शून्य असेल, तरी ते म्हणणार दिसतोय.

हे आकडे डिस्प्ले-मेट्रिक्सच्या, म्हणजे अख्ख्या स्क्रीनच्या, उंचीशी ताडून बघायची सवय पण सोडा. दोन अॅप एका स्क्रीनवर अर्धी-अर्धी लावली की विंडो आणि स्क्रीन ह्या दोन वेगळ्या गोष्टी होतात, ग्लोबल-व्हिजिबल-रेक्ट विंडोच्या मुळापासून मोजतं, गेट-लोकेशन-ऑन-स्क्रीन स्क्रीनपासून मोजतं, आणि दोघांची वजाबाकी केली तर उत्तर कुठलंच नसतं. दोन्ही आकडे एकाच मापातले घ्या.

आता तिसरी चौकट, म्हणजे वरून झाकणाऱ्या गोष्टी. अँड्रॉइड 15 पासून हा त्रास एकदम वाढला. अॅपचं टार्गेट एसडीके (अॅप कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलंय ते सांगणारा आकडा) 35 केलं की त्या फोनवर एज-टू-एज सक्तीचं होतं, अॅप स्टेटस बार आणि नेव्हिगेशन बारच्या खालपर्यंत पसरतं. काल-परवापर्यंत बरोबर चालणारा कोड नुसता टार्गेट बदलल्यावर बिघडला, असं कोणी म्हणालं की मी आधी हेच तपासायला सांगतो. लिस्टचा शेवटचा आयटम नेव्हिगेशन बारच्या मागे जातो, लिस्टच्या मते तो पूर्ण आहे.

इथे ते मघाचं पॅडिंग कामाला येतं. विंडो इनसेट्स (सिस्टीमचे बार किती जागा झाकतात ते आकडे) ऐकून जेवढा बार झाकतोय तेवढं लिस्टला खालचं पॅडिंग द्या आणि क्लिप-टू-पॅडिंग फॉल्स करा. दिसायला आयटम बारखालून छान सरकत जातात, शेवटचा आयटम बारच्या वर येऊन थांबतो, आणि कम्प्लीटली-व्हिजिबल-वाली फंक्शन्स पॅडिंग वगळत असल्यामुळे बारमागचा आयटम आपोआप पूर्ण धरला जात नाही. एका बदलात दिसणं आणि मोजणं दोन्ही सुधारतं. बॉटम नेव्हिगेशन, खाली चिकटलेली ‘तिकीट बुक करा’ पट्टी, कीबोर्ड, सगळ्यांना हाच उपाय लावा. तरंगत्या गोल बटनासाठी मात्र मी पॅडिंग देत नाही, ते कार्डाचा एक कोपराच झाकतं, फक्त त्या कोपऱ्यात वेळ किंवा तारीख छापू नका.

लिस्टवर चिकटून राहणारे मथळे, म्हणजे ‘आज’, ‘उद्या’, ‘ह्या आठवड्यात’ असले, ते डेकोरेशनने वरून रंगवले असतील तर लेआउट मॅनेजरला त्यांची खबर नसते. वरचा पहिला पूर्ण आयटम त्या मथळ्याखाली झाकलेला असतो. तिथे मथळ्याची उंची हाताने वजा करा, दुसरा रस्ता नाही.

चौकट बरोबर असून उत्तर चुकतंय, तर मग विचारायची वेळ चुकतेय. डेटा आला, सबमिट-लिस्ट करून नवी यादी लिस्टला दिली, आणि पुढच्याच ओळीत विचारलं की पूर्ण कोण दिसतंय, तर उणे एकच येणार. लिस्ट-अडॅप्टर फरक काढायचं काम बॅकग्राउंडला करतो, त्यानंतर लेआउट व्हायचा असतो, तोपर्यंत लिस्ट जुनीच आहे. सबमिट-लिस्टला कॉलबॅक (काम झालं की चालणारा कोड) देता येतो, पण तोही नवी यादी लागू झाली की येतो, लेआउटच्या आधी. म्हणून त्या कॉलबॅकच्या आत डू-ऑन-नेक्स्ट-लेआउट किंवा डू-ऑन-प्रीड्रॉ लावून मग विचारा. काही जण अर्धा सेकंद थांबून विचारतात, ते चांगल्या फोनवर चालतं आणि गावात दहा वर्षं जुना फोन वापरणाऱ्या आजीच्या हातात चालत नाही.

तसंच, फक्त स्क्रोल थांबल्यावर तपासणारा कोड पहिल्या स्क्रीनवर कधीच चालत नाही, कारण तिथे अजून कोणी बोट लावलेलंच नसतं. मंडळाची लिस्ट चारच आयटमची असेल तर स्क्रोल होणारच नाही आणि एकही नोंद होणार नाही. ऑन-स्क्रोल्ड, म्हणजे लिस्ट सरकली की येणारा कॉल, मात्र लेआउटनंतर दिसणाऱ्या आयटमची रेंज बदलली तर शून्य-शून्य आकड्यांनी स्वतःहून येतो, आणि पुष्कळ जण डीवाय (उभं किती सरकलं तो आकडा) शून्य असेल तर लगेच परत जा असं वर लिहून तोच कॉल फेकून देतात. ती अट काढा. पण एवढ्यानेही सगळं भागत नाही, फोटो उशिरा लोड झाला, कार्ड उंच झालं, आणि रेंज मात्र तीच राहिली, तर हा कॉल येत नाही. आपल्याकडे पावसात मोबाइलचं नेटवर्क गेलं-आलं होत असतं, फोटो उशिरा येणं हे रोजचंच, तेव्हा फोटोची जागा आधीच ठरवून ठेवा, ठरावीक रेशो द्या, म्हणजे उंची बदलायचा प्रश्नच मिटतो. ते डिझाइनमध्ये बसत नसेल तर फोटो लागल्यावर पुन्हा एकदा मोजा.

आता एक गोष्ट जी इंग्रजी अॅप बनवणाऱ्यांना उशिरा कळते आणि आपल्याला लवकर कळायला हवी. देवनागरीला वरती मात्रा-रफार आणि खाली उकार लागतात, ओळ उंच होते. त्यात वयस्क माणसं फोनचं फॉन्ट मोठं करून ठेवतात, अँड्रॉइड 14 पासून तर ते 200 टक्क्यांपर्यंत नेता येतं. कीर्तनकाराचं नाव, देवस्थानाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, तिथी, तारीख, एवढं सगळं एका कार्डात असेल तर कार्ड स्क्रीनपेक्षाच उंच होतं. मग ते कधीच, कितीही स्क्रोल केलं तरी, पूर्ण दिसणार नाही. लाल ठिपका जाणार नाही, व्हिडिओ चालू होणार नाही, आणि ज्यांना अक्षर मोठं लागतं त्याच लोकांना अॅप बिघडलेलं वाटेल. डेव्हलपरच्या फोनवर फॉन्ट लहान असतो म्हणून हे टेस्टिंगमध्ये सापडत नाही.

ह्यावर नेहमीचा उपाय असा की आयटमची उंची आणि चौकटीची उंची ह्यातली जी कमी आहे तेवढा भाग दिसला की पुरे. व्हिडिओसाठी हे ठीक आहे. वाचण्याच्या गोष्टीसाठी मला ते पटत नाही, कारण उंच कार्डाचा मधला भाग चौकट भरून दिसला तरी खालची ‘वेळ बदलली आहे’ ही ओळ राहिलेलीच असू शकते. तिथे प्रत्येक आयटमला दोन खुणा ठेवा, वरचा काठ दिसला आणि खालचा काठ दिसला, दोन्ही कधी ना कधी दिसले की वाचलं समजा. लहान कार्डाला दोन्ही एकदमच लागतात, उंच कार्डाला माणूस खाली जाईल तेव्हा लागतात. कोड चार ओळींनीच वाढतो.

दिसणं आणि पाहणं ह्यातही वेळेचा फरक आहे. जोरात फ्लिंग केलं, म्हणजे बोटाने झटका देऊन लिस्ट पळवली, की शंभर कार्डं क्षणभर पूर्ण दिसून जातात, ती कोणी वाचत नाही. जाहिरातवाल्यांनी ह्याचा विचार खूप आधी केला, मीडिया रेटिंग कौन्सिलच्या नियमात साधी जाहिरात दिसली धरायची तर निदान 50 टक्के पिक्सेल सलग 1 सेकंद दिसायला हवेत, व्हिडिओला 2 सेकंद. आपण सूचनेसाठी ह्याहून कडक असलं पाहिजे, जाहिरात चुकली तर कोणाचं काही अडत नाही. आयटम पूर्ण झाला की घड्याळ सुरू, जरा बाहेर गेला की बंद, आणि अॅप बॅकग्राउंडला गेलं तर ऑन-पॉजमध्ये सगळी घड्याळं बंद. हे शेवटचं विसरलं की माणूस फोन खिशात टाकून फेरीबोटीत चढतो आणि इकडे अॅप त्याच्या नावावर सूचना वाचल्या म्हणून टाकत जातं.

कंपोजवाल्यांसाठी (अँड्रॉइडची स्क्रीन बांधायची नवी पद्धत, तिथली लिस्ट म्हणजे लेझी-कॉलम) वेगळं, कारण तिथे एक गोष्ट बरोबर उलटी आहे. लेझी-कॉलमच्या स्टेटमधून लेआउट-इन्फो, त्यातून व्हिजिबल-आयटम्स-इन्फो, प्रत्येकाला ऑफसेट आणि साइज मिळतो. ही यादी अर्धवट दिसणाऱ्यांचीही आहे, तेव्हा तपासणी आपण करायची. पण इथे व्ह्यूपोर्टच्या सुरुवातीत आणि शेवटात कंटेंट पॅडिंगची जागा दिसणारी म्हणून धरलेली असते, वर पॅडिंग असेल तर व्ह्यूपोर्ट-स्टार्ट-ऑफसेट चक्क उणे येतो. रिसायकलरव्ह्यूवरून आलेला माणूस इथे हमखास अडकतो, कारण तिकडे पॅडिंग बाहेर आणि इकडे आत. बारमागची जागा वगळायची असेल तर ऑफसेट शून्य किंवा जास्त हवा, आणि ऑफसेट अधिक साइज हे व्ह्यूपोर्ट-एंड-ऑफसेटमधून आफ्टर-कंटेंट-पॅडिंग वजा केल्यावर जे येतं त्याच्यापेक्षा जास्त नको. स्टिकी हेडर असेल तर शून्याच्या जागी त्याची उंची धरा.

आणि लेआउट-इन्फो थेट कंपोझिशनमध्ये वाचू नका, स्क्रोलच्या प्रत्येक फ्रेमला ते बदलतं आणि सगळी स्क्रीन परत परत काढली जाते. स्नॅपशॉट-फ्लोमध्ये पूर्ण दिसणाऱ्या आयटमच्या कीजची (प्रत्येक आयटमची वेगळी ओळख) यादी काढा, पुढे डिस्टिंक्ट-अंटिल-चेंज्ड लावा, म्हणजे यादी खरंच बदलेल तेव्हाच तुमचा कोड चालेल.

आयफोनवर इंडेक्स-पाथ्स-फॉर-व्हिजिबल-रोज अर्धवट रो सुद्धा देतं आणि विल-डिस्प्ले तर रो आत येताक्षणीच येतं, दोन्ही पूर्णतेचं उत्तर नाहीत. टेबलच्या बाउंड्समधून अॅडजस्टेड-कंटेंट-इनसेट वजा करा आणि त्या चौकोनात रेक्ट-फॉर-रो पूर्ण मावतो का बघा, बाउंड्सचा उगम स्क्रोलबरोबर सरकतो त्यामुळे दोन्ही आकडे एकाच मापात असतात. स्विफ्टयूआयमध्ये (आयफोनची स्क्रीन बांधायची नवी पद्धत) ऑन-अपियरवर भरवसा ठेवू नका, आयओएस 18 पासून ऑन-स्क्रोल-व्हिजिबिलिटी-चेंज आहे, त्याचा थ्रेशोल्ड न सांगितल्यास 0.5 असतो, म्हणजे अर्धा दिसला तरी हो म्हणतो, तो वाढवावा लागतो.

रिअॅक्ट नेटिव्हच्या (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची अॅप बनवायची पद्धत) फ्लॅटलिस्टला ऑन-व्ह्यूएबल-आयटम्स-चेंज्ड आणि व्ह्यूएबिलिटी कॉन्फिग द्या, आयटम-व्हिजिबल-पर्सेंट-थ्रेशोल्ड 100 आणि मिनिमम-व्ह्यू-टाइम तुमच्या हिशोबाने. हे फंक्शन रेंडरबरोबर (स्क्रीन परत काढली जाताना) बदललं तर जुन्या आवृत्त्यांत ऑन द फ्लाय, म्हणजे चालू असताना, बदलता येत नाही अशी लाल एरर यायची, तेव्हा ते रेफमध्ये किंवा यूज-कॉलबॅकमध्ये धरून ठेवा. वेट-फॉर-इंटरअॅक्शन चालू असेल तर माणूस स्क्रोल करेपर्यंत काहीच दिसलं धरत नाही, ते बघून घ्या. आणि हे सुद्धा लिस्टच्या स्वतःच्या चौकटीतच मोजतं, वरून ठेवलेली पट्टी त्याला दिसत नाही, तेव्हा पट्टी लिस्टच्या वर तरंगत ठेवण्यापेक्षा लिस्टच्या खाली जागा करून बसवा. फ्लटरमध्ये (अशीच दुसरी पद्धत) व्हिजिबिलिटी-डिटेक्टर पॅकेज आहे, प्रत्येक आयटमला वेगळी की लागते, अपडेट साधारण अर्ध्या सेकंदाने येतात कारण इंटरव्हल मुळात 500 मिलिसेकंद आहे, आणि दुसऱ्या विजेटने झाकलेलं त्यालाही कळत नाही.

जिथे आकडे दशांशात येतात तिथे अगदी बरोबरीची अट घालू नका. घनतेने गुणून भागून 0.3 पिक्सेलचा फरक राहतो आणि अख्खा दिसणारा आयटम नापास होतो. एक पिक्सेलची सूट द्या.

एवढं करूनही उत्तर पटत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, डोळ्याने बघा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये लेआउट बाउंड्स चालू करा, लिस्टचा खालचा काठ नक्की कुठे आहे ते लगेच कळतं, स्क्रीनबाहेर लोंबणारी लिस्ट असेल तर खालची रेघ दिसणारच नाही. डीबग बिल्डमध्ये पूर्ण धरलेल्या आयटमभोवती हिरवी रेघ काढा आणि हळूहळू, एका वेळी थोडं थोडं स्क्रोल करा. रेघ कुठल्या क्षणाला येते आणि जाते त्यावरून कारण कळतं. कार्ड पूर्ण आत येऊन थोडं पुढे गेल्यावर रेघ आली तर मार्जिन. बारमागे असतानाच आली तर इनसेट. सगळ्यांना एकदम आली तर नेस्टेड स्क्रोल. टूलबार उघडा असताना खालच्या कार्डाची रेघ दिसतच नाही आणि लॉगमध्ये त्याचं नाव आहे, तर कोऑर्डिनेटर. स्क्रोल करेपर्यंत कोणालाच नाही तर वेळ चुकली. हीच चाचणी फॉन्ट सगळ्यात मोठं करून, स्क्रीन अर्धी करून, कीबोर्ड उघडा ठेवून, आणि तीन बटनांच्या नेव्हिगेशनवर परत करा, कारण जेश्चरची पट्टी बारीक असते आणि तिच्यात झाकलेलं फारसं लक्षात येत नाही, तीन बटनांचा बार चांगला जाड असतो, आणि आपल्याकडची मोठी माणसं अजून तोच वापरतात.